दवंडी आणि संवाद

३० सप्टेंबर १९९३ ही तारीख मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि जवळपास आठ हजार माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. त्या पहाटेविषयी खूप लिहिले गेले आहे. या लेखाचा विषय तो नाही. भूकंपानंतरच्या चार-पाच वर्षांत जे प्रचंड बांधकाम झाले, ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्याशी बोलणे कसे झाले, एवढाच प्रश्न मी इथे घेतला आहे.

प्रश्न लहान वाटेल. घरे पडली होती, ती बांधायची होती; त्यात बोलण्यासारखे काय? परंतु कोणत्याही मोठ्या प्रकल्पात, मग तो धरणाचा असो, रस्त्याचा असो की पुनर्वसनाचा, सिमेंट आणि पोलाद यांच्याइतकाच माहितीचाही पुरवठा लागतो. सिमेंट कमी पडले तर काम थांबते आणि ते सर्वांना दिसते. माहिती कमी पडली तर काम थांबत नाही. ते चुकीच्या दिशेने पुढे जात राहते आणि चूक लक्षात येते तेव्हा भिंती उभ्या राहिलेल्या असतात.

लातूरचा अनुभव या दृष्टीने फार मोलाचा आहे. एकाच कार्यक्रमात, एकाच सरकारी यंत्रणेकडून, शेजारशेजारच्या तालुक्यांत दोन वेगवेगळ्या रीतींनी काम झाले. त्यामुळे तुलना करता येते.

एक कार्यक्रम, तीन प्रकारची गावे

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम’ सुरू झाला. त्यात गावांची तीन गटांत विभागणी केली होती. ‘अ’ गटात लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे होती. ती पुरती उद्ध्वस्त झाली होती आणि नव्या जागी वसवायची होती. ‘ब’ गटात २२ गावे होती. त्यांची पुनर्बांधणी जुन्या जागीच किंवा तिच्या आसपास व्हायची होती. ‘क’ गट सर्वांत मोठा. १३ जिल्ह्यांतल्या सुमारे अडीच हजार गावांमधली जवळपास दोन लाख घरे त्यात येत होती. ती घरे पडली नव्हती, पण तडकली होती. त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते.

पहिल्या गटात घरे सरकारने, कंत्राटदारांनी आणि गावे दत्तक घेतलेल्या देणगीदार संस्थांनी बांधली. मालकाच्या हातात किल्ली आली. तिसऱ्या गटात पैसे मालकाच्या हातात आले आणि बांधकाम त्याने स्वतः करून घ्यायचे होते. नुकसानीच्या प्रतीनुसार सतरा हजार ते चौतीस हजार रुपये असे हे साहाय्य होते.

वरवर हा केवळ बांधकामाच्या पद्धतीतला फरक वाटतो. प्रत्यक्षात तो बोलण्याच्या पद्धतीतला फरक होता. जिथे किल्ली द्यायची असते तिथे माणसाला विचारले नाही तरी घर पूर्ण होते. जिथे मालकाने बांधायचे असते तिथे त्याला समजले नाही तर वीटही हलत नाही. म्हणून दुसऱ्या ठिकाणी संवाद हा सौजन्याचा भाग न राहता कामाची गरज बनला.

हितसंबंधी कोण?

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द येतो. मराठीत त्यासाठी ‘हितसंबंधी’ म्हणतात. प्रकल्पामुळे ज्याचे काही बनते किंवा बिघडते तो हितसंबंधी, अशी त्याची सोपी व्याख्या करता येईल. व्याख्या सोपी असली तरी यादी करायला बसले की अडचणी सुरू होतात.

आपल्याकडे गावातला माणूस कागदावर दोन ठिकाणी सापडतो. जमीन तलाठ्याच्या सातबारावर आणि आठ-अ वर, तर घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीत. दोन्ही ठिकाणी बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचे नाव असते. भावाभावांत वाटणी तोंडी झालेली असते, चुली वेगळ्या झालेल्या असतात, पण सातबारावर थोरल्याचेच नाव ‘एकत्र कुटुंबाचा पुढारी’ म्हणून चाललेले असते. सालगडी दुसऱ्याच्या वाड्यातल्या ओसरीत राहतो. त्याचे नाव कुठेच नसते. विधवा सून, परत आलेली लेक, मामाकडे वाढलेला भाचा ही माणसे घरात असतात, पण नोंदवहीत नसतात.

भूकंपानंतर घराचे आकारमान जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून जास्त जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. नियम स्पष्ट होता आणि घाईच्या काळात स्पष्ट नियमाला किंमत असते, हेही मान्य केले पाहिजे. मात्र या नियमामुळे एक गोष्ट झाली. ‘घर किती?’ या प्रश्नाचे उत्तर ‘माणसे किती?’ यावरून न ठरता ‘सातबारे किती आणि केवढे?’ यावरून ठरू लागले.

इथे मला स्वतःचा एक अनुभव सांगितला पाहिजे, कारण या विषयाकडे मी त्यातूनच वळलो. तेव्हा मी विशीत होतो. माझे आजोळ भूकंपग्रस्त भागात. अक्षर बरे असल्यामुळे आजोळच्या गावात कुटुंबांची यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. चावडीपुढे सतरंजी टाकून मी तीन दिवस बसलो होतो. माणसे येत, नावे सांगत, मी लिहीत असे. थोरले मामा आले. त्यांनी स्वतःचे नाव, मामीचे, मुलांचे आणि धाकट्या मामींचे नाव सांगितले. धाकटे मामा भूकंपाच्या आधीच वारले होते. मी पाचही नावे एका कुटुंबात लिहिली. मला ठाऊक होते की धाकट्या मामींची चूल सहा वर्षांपासून वेगळी आहे. मी तिथे जेवलेलो होतो. पण समोरच्या तक्त्यात ‘कुटुंबप्रमुख’ असा रकाना होता, ‘चूल’ असा नव्हता. मी रकाना भरला.

फेब्रुवारीत यादी चावडीवर वाचली गेली. आदल्या संध्याकाळी कोतवालाने हलगी वाजवून दवंडी दिली होती: ज्यांची हरकत असेल त्यांनी सकाळी यावे. त्या सकाळी धाकट्या मामी ज्वारीच्या काढणीला गेल्या होत्या. गावातल्या निम्म्या बायका तिथेच होत्या. हरकत आली नाही. यादी कायम झाली.

पुढे मामींना कळले तेव्हा त्या मला रागावल्या नाहीत. “माझी चूल येगळी हाय, तुला ठावं हुतं की रे,” एवढेच म्हणाल्या. अर्ज दिले, खेटे घातले. वेगळे घर मिळाले नाही. थोरल्यांच्या नव्या घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड घालून त्या अखेरपर्यंत राहिल्या.

यादी हाच पहिला संवाद

या प्रसंगात फसवणूक कोणी केली नव्हती. दवंडी दिली होती, यादी जाहीर वाचली होती, हरकतीला वेळ दिला होता. कागदावर संवाद पूर्ण झाला होता. तरी तो झाला नाही. का झाला नाही, याचा शोध घेताना माझ्या लक्षात आलेल्या गोष्टी अशा.

एक, आपण ‘सांगितले’ आणि ‘पोहोचले’ यांत फरक करत नाही. दवंडी ही एका दिशेने जाणारी गोष्ट आहे. हलगीचा आवाज वेशीपर्यंत जातो. तिथून परत काय आले हे पाहण्याची सोय तिच्यात नाही.

दोन, आपण माणसांना एकगठ्ठा ‘गाव’ मानतो. गावाला कळवले म्हणजे सरपंच, पोलीस पाटील आणि चावडीवर बसणाऱ्या दहा-बारा जणांना कळवले असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. या दहा-बारा जणांचे हित आणि बाकीच्यांचे हित एकच असेल असे नाही. कधी ते परस्परविरुद्धही असते. माझ्या थोरल्या मामांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते एकच घर होते.

तीन, वेळ आणि जागा यांतून माणसे आपोआप गाळली जातात. सकाळची चावडी बायकांना बंद असते. तिथे पाटी लावलेली नसते इतकेच.

चार, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: संवाद प्रकल्प सुरू झाल्यावर सुरू होतो असे आपण समजतो. वास्तविक तो यादीच्या पहिल्या रकान्यापासून सुरू झालेला असतो. तक्त्यात जो प्रश्न छापलेला नाही, त्याचे उत्तर पुढे कितीही सभा घेतल्या तरी सापडत नाही.

खण आणि चौरस फूट

नव्या गावांचे नकाशे तयार झाले तेव्हा भाषेची दुसरी अडचण आली. या भागातले जुने घर खणांत मोजले जाते. दोन लाकडी खांबांमधले अंतर म्हणजे खण. पाच खणांचे घर, सात खणांचे घर असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभे राहते: ओसरी कुठे, माजघर कुठे, बळदात किती धान्य मावेल, गोठा कोणत्या अंगाला. वर मातीचे माळवद. त्यावर उन्हाळ्यात झोपायचे, सांडगे-पापड वाळवायचे.

नकाशा चौरस फुटांत होता. ४०० चौरस फूट म्हणजे किती हे विचारण्याची लाज वाटून अनेकांनी माना डोलावल्या. डोलावलेली मान ही संमती म्हणून नोंदली जाते. प्रकल्पांच्या इतिवृत्तांत ‘ग्रामस्थांनी मान्यता दिली’ असे वाक्य असते, त्यातल्या कित्येक मान्यता अशा असतात.

बरीच नवी गावे आखीव रस्त्यांची, चौकटीच्या मांडणीची झाली. जुन्या दाट वस्तीपेक्षा त्यांचा पसारा कितीतरी मोठा होता. घरांचे गट आकारमानाप्रमाणे पडले, म्हणून पूर्वी भिंतीला भिंत लावून राहणारे भाऊबंद आणि शेजारी दूर गेले. रस्ते रुंद, पण सावली नाही. शेत लांब पडले. जनावरांना जागा नाही. लोकांनी हळूहळू घरापुढे पत्रे घातले, कुंपणे घातली, ओसरी नव्हती ती तयार केली. संडास बांधून दिले होते, त्यात कित्येक ठिकाणी सरपण आणि कडबा भरला गेला. भूकंपप्रवण गावांतल्या स्थानिक बांधकाम-ज्ञानाचा अभ्यास करणारे रोहित जिग्यासू आणि अन्य संशोधकांनी या भागाचा अभ्यास केला आहे. आजही कोणी त्या गावांतून फिरले तर मूळ घराभोवती लोकांनी केलेली भर पाहून, नकाशाच्या वेळी काय विचारायचे राहिले होते ते वाचता येते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ‘अ’ गटातल्या लोकांना विचारलेच नाही, असे म्हणणे खरे नाही. स्थलांतर व्हावे ही मागणी त्यांचीच होती. जिथे आपली माणसे गेली त्या जागी पुन्हा राहायचे नाही, ही भावना तीव्र होती. जागेविषयी, यादीविषयी ग्रामसभा झाल्या. परंतु विचारण्याला क्रम असतो. ‘कुठे राहायचे?’ हे विचारले गेले, ‘कसे राहायचे?’ हे मागे राहिले. दुःखातल्या माणसाला एकदाच विचारून त्याचे उत्तर कायमचे धरणे हीही एक चूक आहे. ऑक्टोबरमध्ये ज्याला जुन्या गावाकडे पाहवत नव्हते, त्यालाच दोन वर्षांनी बळद, गोठा आणि शेजारी आठवू लागले. तोवर पाया भरला गेला होता.

दगडाची भीती

‘क’ गटातली अडचण वेगळी होती. सरकार म्हणत होते, घर दुरुस्त करा. लोक म्हणत होते, हे घरच नको.

त्यामागे कारण होते. भूकंपात लोकांनी पाहिले ते असे की दगडी घरे कोसळली आणि माणसे दगडाखाली मेली. त्यांनी निष्कर्ष काढला, दगड मारतो. अभियंत्यांचे म्हणणे निराळे होते. इथल्या भिंती दोन-दोन फूट आणि कुठे त्याहूनही जाड. बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, मध्ये चुऱ्याची आणि मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे काही नाही. हादरा बसला की थर फुगतात आणि सुटतात. वरून माळवदाच्या मातीचे ओझे, जे दर पावसाळ्याआधी नवा थर टाकून वाढत गेलेले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या, हेही लोकांच्या डोळ्यांसमोर होते. म्हणजे दोष दगडाचा नसून बांधणीचा होता. उपायही फार महाग नव्हते: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड किंवा त्या जागी काँक्रीटचे ठोकळे घालून दोन्ही थर जोडायचे, भिंतीला सलग पट्टा फिरवायचा, माळवदावरची माती कमी करायची.

हे सगळे खरे होते. पण खरे असणे आणि पटणे यांत अंतर असते. ज्या घरात पोर गेले त्या घराच्या मालकाला कनिष्ठ अभियंता आलेख काढून ‘दगड सुरक्षित आहे’ असे सांगत होता. अभियंता बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला, त्याच्याकडे कित्येक गावे, आणि गावात थांबायला त्याला अर्धा तास. मालकाला वाटे, हा पैसे वाचवतो आहे. अभियंत्याला वाटे, हे अडाणी आहेत, यांना फक्त अनुदान हवे. दोघेही प्रामाणिक, आणि दोघांमध्ये भिंतीच्या दोन थरांसारखीच पोकळ भर.

तो आरपार जाणारा दगड माणसांमध्येही हवा होता.

संवाद सहायक

या ठिकाणी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे काम येते. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेवर दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात लोकसहभागाची जबाबदारी आली. तिने एक साधी गोष्ट केली. बाहेरून शिकलेले कार्यकर्ते आणून गावोगाव पाठवण्याऐवजी गावातल्याच महिला मंडळांतल्या बायका निवडल्या आणि त्यांना ‘संवाद सहायक’ हे काम दिले. हजारावर गावांत अशा बायका काम करू लागल्या.

तेव्हा यावर हसणारे होते. महिला मंडळे बहुतेक ठिकाणी कागदावरच होती. ज्यांनी कधी चावडी चढली नाही त्या बायका अभियंत्याशी काय बोलणार, असे म्हटले गेले. पण त्या कामात नेमके काय होते ते पाहिले तर निवडीतले शहाणपण कळते.

संवाद सहायक घरोघर जाऊन तुमच्या घराचे नुकसान कोणत्या प्रतीत धरले आहे, किती पैसे मिळणार, कोणत्या टप्प्यावर मिळणार, हे सांगत असे. बांधकामात कोणत्या गोष्टी भूकंपासाठी घालायच्या हे ती स्वतः शिकली आणि शेजारणींना दाखवू लागली. काम चालू असताना गवंड्याने पट्टा घातला की नाही, आरपार दगड घातला की नाही, यावर तिचे लक्ष असे. आणि लोकांच्या अडचणी ती वर नेत असे: अमक्याचा हप्ता अडकला, तमक्याचे नावच नाही.

या चार कामांतले पहिले दवंडीचेच आहे. उरलेली तीन दवंडीला करता येत नाहीत. शिकवणे, पाहणे आणि परत आणणे. या तिन्हींसाठी माणूस रोज तिथे असावा लागतो. घर बांधले जात असताना दिवसभर घरापाशी असते ती बाई. पाणी मारते ती बाई. गवंड्याला चहा देते आणि त्याने काय टाळले हे पाहते तीही बाईच. म्हणजे जिथे काम प्रत्यक्ष होत होते, तिथेच प्रकल्पाने आपला कान ठेवला.

दुसरा परिणाम अधिकाऱ्यांच्या बाजूला झाला. एरवी तक्रार म्हणजे एकेकट्या माणसाचा अर्ज. तो टेबलावरून टेबलावर फिरतो. संवाद सहायक चार गावांतल्या सारख्या अडचणी एकत्र घेऊन बसू लागल्या, तेव्हा त्या तक्रारी न राहता माहिती झाल्या. एकाच तालुक्यात वीस गावांत हप्ता एकाच टप्प्यावर अडतो आहे, असे दिसले तर दोष त्या वीस गावांतल्या माणसांचा नसून टप्प्याच्या नियमाचा आहे, हे कोणत्याही समंजस अधिकाऱ्याला कळते.

याचा अर्थ सारे साधले असा नाही. पैसे हातात आल्यावर बहुसंख्य लोकांनी जुनी दगडी भिंत मजबूत करण्याऐवजी तिच्याशेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. भीती संपली नव्हती. कार्यक्रमाच्या मूळ हेतूच्या दृष्टीने हे अपयश म्हणता येईल. पण त्या खोलीत भूकंपरोधक पट्टे घातले गेले, रात्री घरातली मुले तिथे झोपू लागली, आणि ती खोली कुठे व केवढी हे घरातल्या माणसांनी ठरवले. लोकांशी खरे बोलणे केले तर लोक आपले म्हणणे मान्य करतीलच असे नाही. ते आपल्याला बदलायला लावतील, ही शक्यता धरूनच बोलायला बसावे लागते.

प्रकल्पात संवाद कसा आखावा

लातूरच्या अनुभवातून, आणि नंतर पाहिलेल्या लहानमोठ्या कामांतून, मला काही गोष्टी निश्चित वाटतात. पाणीपुरवठा योजना असो, गावठाणातला रस्ता असो की शहरातल्या इमारतीचा पुनर्विकास, त्या लागू पडतात.

पहिली गोष्ट, यादी नोंदवहीवरून सुरू करावी पण तिथे संपवू नये. नोंदवहीत नसलेली माणसे शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक घरी विचारणे: इथे चुली किती? शहरात हाच प्रश्न ‘भाडेकरू कोण, दुकान कोण चालवतो, जिन्याखाली कोण राहतो?’ असा होईल.

दुसरी, प्रत्येक गटासाठी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: त्याचे काय बनते-बिघडते, त्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे, त्यासाठी कोणती माहिती लागते, आणि ती कोणाच्या तोंडून ऐकली तर त्याला विश्वास वाटेल. सर्वांना सगळे सांगणे म्हणजे कोणालाच काही न सांगणे. ज्याचा हप्ता अडला आहे त्याला जागतिक बँकेच्या करारात रस नसतो.

तिसरी, निर्णय बदलता येतो तोवरच विचारावे. पाया भरल्यावर घेतलेली सभा ही चर्चा नसते, ती बातमी असते. तिला बातमी म्हणूनच सांगावे. चर्चा म्हटले की लोक फसवले गेल्यासारखे परत जातात आणि पुढच्या सभेला येत नाहीत.

चौथी, माप लोकांचे वापरावे. नकाशापेक्षा जमिनीवर चुन्याने आखलेली खोली बोलकी असते. चारशे चौरस फुटांत खाट, कणगी आणि शेळी मांडून दाखवली की प्रश्न आपोआप सुरू होतात. आरपार दगडाचे महत्त्व व्याख्यानाने पटत नाही. तो दगड घालून बांधलेली भिंत समोर उभी असली की गवंडी स्वतःच हात लावून पाहतो.

पाचवी, वाईट बातमी लवकर आणि स्वतः सांगावी. पैसे उशिरा येणार असतील तर तारीख टळण्याआधी सांगितलेला उशीर लोक सोसतात. टळल्यावर शोधून काढलेला उशीर सोसत नाहीत. माहितीची जागा कधी रिकामी राहत नाही. आपण भरली नाही तर अफवा भरते.

सहावी, परतीचा रस्ता बांधावा. प्रश्न कोणाकडे द्यायचा, किती दिवसांत उत्तर येणार आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ते का, हे गावात लिहून लावावे. आलेल्या प्रश्नांची वही ठेवावी आणि ती महिन्यातून एकदा निर्णय घेणाऱ्यापुढे उघडावी. ज्या वहीमुळे एकही निर्णय बदललेला नाही, ती वही संवादाची नव्हे, सांत्वनाची असते.

आणि सातवी, संवाद करणाऱ्याला कामाचा माणूस मानावे. आपल्याकडे हे काम ज्याला दुसरे काही जमत नाही त्याच्याकडे सोपवण्याची रीत आहे. अभियंत्याला गावात अर्धा तास मिळत असेल तर तो दोष त्याच्या स्वभावाचा नाही, त्याच्या वेळापत्रकाचा आहे. वेळापत्रकात बोलण्याला जागा नसेल तर ते होणार नाही.

पुढे काय झाले

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. तिथे घरमालकाच्या हाती पैसे देऊन त्यालाच बांधू देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. गाव आणि सरकार यांच्यामधली माहितीची ये-जा व्हावी म्हणून ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ने काही-काही गावांमागे एक अशी ‘सेतू’ केंद्रे चालवली. लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या, तिथल्या बायकांपाशी बसल्या आणि आपण कुठे चुकलो, कुठे साधले ते सांगितले. २००४च्या त्सुनामीनंतर त्या तामिळनाडूतही गेल्या. भाषा येत नव्हती. घर पडल्यावर काय-काय विचारायचे असते ते त्यांना ठाऊक होते. इकडे मराठवाड्यात संवाद सहायकांच्या गटांतून बचत गट उभे राहिले, आणि एकदा चावडी चढलेली बाई पुन्हा उतरली नाही, असे पुष्कळ गावांत घडले.

मी पुढे अनेक याद्या लिहिल्या. कुटुंबप्रमुखाच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने एक रेघ मारून मी ‘चूल’ असा रकाना वाढवतो. वरिष्ठ कधी विचारतात, हा कशाला? मी सांगतो. काही जण तो पुढच्या छापील तक्त्यात घेतात, काही घेत नाहीत.

धाकट्या मामींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या शेडच्या जागी थोरल्यांच्या नातवाने पक्की खोली बांधली आहे. मागच्या वर्षी गेलो होतो, तेव्हा ग्रामपंचायतीच्या नव्या घरकुल यादीचे काम चालू होते. एक तरुण मुलगी मोबाईलवर नावे भरत दारोदार फिरत होती. मी तिला सहज विचारले, “चूल वेगळी असली तर कसं करता?” तिने मोबाईलची पट्टी वर-खाली सरकवली आणि म्हणाली, “काका, यात तसं ऑप्शनच नाही.” मग थोडे थांबून तिने पर्समधून एक वही काढली. शेवटच्या पानांवर काही नावे पेनाने लिहिलेली होती.

“पण मी इथं लिहून ठेवते,” ती म्हणाली.